दोन तासांचा एक गुण आणि जाळीच्या दोन बाजूंची दोन आयुष्ये

मार्च १९३६ मध्ये प्राग शहरात टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा भरली होती. पुरुषांच्या सांघिक लढतीत पोलंडचे अलोयझी एर्लिख आणि रोमानियाचे फार्कास पानेथ समोरासमोर आले, पहिली सर्व्हिस झाली, आणि त्या पहिल्याच गुणाचा निकाल लागायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. बहुतेक ठिकाणी हा काळ दोन तास बारा मिनिटे असा दिला जातो. तेवढ्या वेळात चेंडू बारा हजारांहून अधिक वेळा जाळीवरून गेला, असेही सांगतात. हिशोब मांडून पाहिला तर सेकंदाला सुमारे दीड वेळा असे प्रमाण निघते, म्हणजे आकडा अवाजवी वाटला तरी अशक्य नाही. एर्लिख तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि पानेथ एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. दोघेही ज्यू होते. पुढच्या नऊ वर्षांत पोलंडमधील ज्यू समाज जवळजवळ नाहीसा करण्यात आला, रोमानियातल्या ज्यूंचाही फार मोठा भाग मारला गेला, आणि तरीही हे दोघे जिवंत राहिले. ते कसे राहिले हे समजून घ्यायचे, तर आधी तो खेळ आणि मग तो काळ, दोन्ही नीट पाहावे लागतात.

आज टेबल टेनिस पाहणाऱ्या माणसाला पंधरा-वीस फटक्यांची रॅलीसुद्धा लांबलचक वाटते, कारण आजच्या बॅटला रबराखाली स्पंजाचा थर असतो आणि त्यामुळे चेंडूला वेग व फिरकी दोन्ही भरपूर मिळतात. १९३६ मध्ये स्पंज नव्हता. लाकडी फळीवर बारीक उंचवट्यांचे पातळ रबर चिकटवलेले असे, आणि चेंडू बॅटला लागला की टक् असा कोरडा आवाज येई. त्या बॅटने चेंडू जोरात मारता येत असे, पण फिरकी देऊन त्याला टेबलावर खाली उतरवणे अवघड होते. त्यात जाळी आजच्यापेक्षा उंच होती. आज ती १५.२५ सेंटिमीटर असते, तेव्हा १७ सेंटिमीटरच्या थोडी वर होती. दोन सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण जोरदार फटक्याला जाळीवरून जाऊन टेबलाच्या आत पडण्यासाठी जी अरुंद वाट मिळते, तिचा मोठा भाग तेवढ्यानेच बुजतो. साहजिकच आक्रमण करणारा स्वतःच चुका करून हरायचा, आणि बॅट किंचित मागे कलवून चेंडू नुसता पलीकडे सरकवत राहणारा जिंकायचा. क्रिकेटमध्ये ज्याला आपण टुकूटुकू खेळणे म्हणतो, तोच हा प्रकार; फरक इतकाच की येथे दोन्ही बाजू टुकूटुकू खेळू शकत. इंग्रजीत अशा खेळाडूंना ‘चिझलर’ म्हणत, म्हणजे छिन्नीने टवका टवका काढणारे, आणि एर्लिख यांना तर चिझलरांचा राजा अशीच पदवी मिळाली होती.

त्या दिवशी पानेथ सरकवत राहणार हे एर्लिख यांनी ओळखले होते, आणि तू सरकव, मीही सरकवतो, पाहू आधी कोण कंटाळते, असा पवित्रा त्यांनी घेतला. पुढची हकिकत खेळाच्या जगात पुष्कळदा सांगितली गेली आहे. तासा-सव्वा तासाने पंचांची मान डावीउजवीकडे वळवून वळवून अवघडली आणि त्यांच्या जागी दुसरे पंच बसवावे लागले. एर्लिख यांनी टेबलाशेजारी बुद्धिबळाचा पट मांडायला लावला आणि एका हाताने चेंडू परतवत सहकाऱ्याला चाली सांगितल्या. शेवटी पानेथ यांचा हात आखडला, चेंडू चुकला आणि गुण एर्लिख यांना मिळाला. दुसरा गुणही तसाच रेंगाळू लागला तेव्हा पानेथ यांचा धीर सुटला आणि सामना निसटला. यातला बराचसा तपशील खुद्द एर्लिख यांच्या तोंडून आलेला आहे, त्यामुळे त्यात थोडा मीठमसाला असेल हे धरूनच तो वाचावा. पण मूळ प्रसंग खरा आहे, आणि त्याचा परिणाम नियमांच्या पुस्तकात आजही दिसतो.

प्रागच्या त्या स्पर्धेत असे दीर्घकाळ चाललेले सामने एकदोनच नव्हते. ऑस्ट्रिया आणि रोमानिया यांच्यातील सांघिक अंतिम लढत एका बैठकीत संपलीच नाही, ती पुढच्या दिवसांवर ढकलत न्यावी लागली. प्रेक्षक उठून जाऊ लागले. १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी करणारे इंग्लंडचे आयव्हर मॉन्टेग्यू, जे स्वतः ज्यू कुटुंबातले होते, त्यांना हा खेळ अशाने मरेल हे कळून चुकले. जाळी खाली आणली गेली आणि सामन्याला वेळेची मर्यादा आली. ती मर्यादा सुरुवातीला इतकी कडक होती की १९३७ मध्ये बाडेन येथील महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात वेळ संपल्यावर अमेरिकेच्या रूथ आरन्स आणि ऑस्ट्रियाच्या ट्रूडी प्रित्झी या दोघींनाही बाद ठरवून विजेतेपदच रिकामे ठेवण्यात आले. २००१ मध्ये दोघींना संयुक्त विजेत्या घोषित करून ती चूक दुरुस्त केली गेली. आजचा नियम अधिक शहाणा आहे. गेम दहा मिनिटे चालूनही संपला नाही आणि दोघांचे मिळून अठरा गुण झालेले नसले, तर त्यानंतर सर्व्हिस आळीपाळीने एकेक होते, आणि सर्व्हिस घेणाऱ्याने तेरा वेळा चेंडू परतवला की गुण त्याचा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जाळीच्या दोन्ही बाजूंना ज्यूच कसे होते? हा निव्वळ योगायोग नव्हता. दोन महायुद्धांमधल्या काळात मध्य युरोपातील अनेक क्रीडासंस्था ज्यूंना सदस्यत्व देत नसत किंवा दिले तरी वेगळे वागवत, म्हणून ज्यूंनी स्वतःच्या संस्था काढल्या: व्हिएन्नातील हाकोआ, अनेक शहरांतील मक्काबी, आणि तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या, आज युक्रेनमध्ये ल्विव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ल्वुव शहरातील हास्मोनेआ. एर्लिख याच हास्मोनेआकडून खेळत. टेबल टेनिसला मैदान लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही, एक खोली आणि एक टेबल पुरते. शहरी, दाटीवाटीने राहणाऱ्या, कॅफेत जमणाऱ्या समाजाला हा खेळ सहज मानवला. हंगेरीचे रोलंड जाकोबी पहिले जागतिक विजेते, त्यानंतर झोल्टान मेख्लोव्हिट्स, मिक्लोश साबाडोश, आणि पाच वेळा एकेरीचे विजेतेपद मिळवणारे व्हिक्टर बार्ना, ज्यांचे मूळ आडनाव ब्राउन होते, हे सगळे ज्यू. पहिल्या दहाबारा वर्षांतील विजेत्यांची यादी पाहिली की हा खेळ कोणी घडवला हे वेगळे सांगावे लागत नाही.

एर्लिख यांचा जन्म १९१४ चा, दक्षिण पोलंडच्या ज्या डोंगराळ पट्ट्यात तो झाला तो तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. खेळाडू म्हणून त्यांचे दुर्दैव असे की ते तीन वेळा जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि तीनही वेळा परत फिरले. प्रागलाच एकेरीच्या अंतिम सामन्यात त्यांना यजमान देशाच्या स्तानिस्लाव कोलार यांनी हरवले. १९३७ मध्ये बाडेनला सतरा वर्षांच्या रिचर्ड बर्गमन यांनी. आणि १९३९ मध्ये कैरोला पुन्हा बर्गमन यांनीच.

कैरोच्या त्या सामन्यापाशी थोडे थांबायला हवे. बर्गमन मूळचे व्हिएन्नाचे. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ते इंग्लंडला निघून गेले आणि १९३९ मध्ये इंग्लंडकडून खेळले. म्हणजे जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरवणाऱ्या त्या सामन्यात एका बाजूला देश सुटलेला ज्यू होता आणि दुसऱ्या बाजूला ज्याचा देश सहा महिन्यांत बुडणार होता असा ज्यू. सामना मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. त्यानंतर काही दिवसांतच, १५ मार्चला, जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला. पुढची जागतिक स्पर्धा भरली ती थेट १९४७ मध्ये, पॅरिसला.

बर्गमन यांच्याकडे इंग्लंडचा किनारा होता, एर्लिख यांच्याकडे तसे काही नव्हते. ते नाझींच्या हाती सापडले आणि युद्धाची चार वर्षे त्यांनी ऑशविट्झ आणि दाखाउ येथील छावण्यांत काढली. येथे ऑशविट्झ म्हणजे नेमके काय होते हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे ‘छावणी’ या शब्दाने तुरुंगासारखे काहीतरी डोळ्यांसमोर येते. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये १९४० मध्ये राजकीय कैद्यांसाठी सुरू झालेली ही जागा १९४२ पासून दोन कामे एकाच वेळी करू लागली: कैद्यांकडून मरेपर्यंत काम करून घेणे, आणि युरोपभरातून मालगाड्यांनी आणलेल्या ज्यूंना विषारी वायूने मारणे. गाडी रिकामी झाली की फलाटावरच माणसांची निवड होई. काम करू शकतील असे वाटणारे एका बाजूला, आणि मुले, म्हातारी माणसे, आजारी, लेकुरवाळ्या बाया दुसऱ्या बाजूला. ही दुसरी बाजू बहुधा त्याच दिवशी संपवली जाई. आत घेतलेल्यांचीही पुढे वेळोवेळी छाननी होत राही, आणि ज्याची हाडे दिसू लागली तो दुसऱ्या बाजूला जाई. सुमारे तेरा लाख माणसे तेथे नेण्यात आली, त्यांपैकी अकरा लाख मारली गेली, आणि त्यांतील जवळपास दहा लाख ज्यू होती.

एर्लिख यांना या छाननीतून कोणी वाचवले? त्यांना ओळखणाऱ्या माणसांनी. टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा खेळलेला हा माणूस आहे हे पहारेकऱ्यांच्या लक्षात आले आणि वायुकोठडीकडे जाणारा एर्लिख यांचा रस्ता तेथे थांबला. मध्य युरोपात हा खेळ किती लोकप्रिय होता हे आधी पाहिले, त्याचा अर्थ येथे लागतो: ज्या सभागृहांत एर्लिख खेळले तेथे पुढे गणवेश चढवणारे तरुणही बसलेले असणार. ओळख पटल्याने सुटका मात्र झाली नाही. त्यांना न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करण्याच्या कामावर लावण्यात आले. दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले जे बॉम्ब जमिनीत रुतून राहत, ते उकरून काढण्यासाठी कैदी वापरले जात, कारण बॉम्ब हातात फुटला तरी जर्मन सैनिक मरत नसे.

या कामावर असताना घडलेली एक गोष्ट एर्लिख यांनी नंतर सांगितली. जंगलात काम करताना त्यांना मधमाश्या दिसल्या. त्यांचा माग काढत ते पोळ्यापर्यंत पोहोचले आणि धूर करून त्यांनी माश्या उडवल्या. मध छावणीत न्यायचा कसा? भांडे नेले तर झडतीत सापडणार. त्यांनी सदरा उघडला, पोळे पिळून मध छातीपोटाला चोपडला आणि वरून कपडे घातले. रात्री बराकीत परतल्यावर भुकेने अर्धमेल्या झालेल्या सोबत्यांसमोर ते तसेच उभे राहिले आणि एकामागून एक माणसाने त्यांच्या अंगावरचा मध चाटून घेतला. मध कातडीवर वाळतो, केसांत अडकतो, त्यात घाम आणि माती मिसळते. हे सगळे मनात आणले की ही गोष्ट गोडही राहत नाही आणि वीरगाथेसारखी टाळ्या घेणारीही राहत नाही. अशा प्रसंगाला दुसरा साक्षीदार मिळणे कठीण असते. मला ती खरी वाटते, आणि त्याचे एक कारण असे की बढाई मारणाऱ्या माणसाने स्वतःसाठी याहून रुबाबदार प्रसंग निवडला असता.

एर्लिख यांच्याविषयी लिहिताना दोन तासांचा तो गुण आणि छावणीतील चार वर्षे यांची सांगड घालण्याचा मोह अनेकांना होतो: टेबलाशी जो चिवटपणा दाखवला त्याच चिवटपणावर हा माणूस ऑशविट्झमधून तरला, असे म्हणायला छान वाटते. मला हा हिशोब पटत नाही. चिवट माणसे तेथे लाखांनी मेली. ऑस्ट्रियाचा अमुक पैलवान, हंगेरीचा तमुक तलवारबहाद्दर, ज्यांच्या अंगात बळ आणि मनात धीर होता असे कितीतरी खेळाडू त्या व्यवस्थेने गिळले, कारण त्या दिवशी, त्या फलाटावर, त्यांना ओळखणारा कोणी नव्हता किंवा ओळखूनही कोणाला पर्वा नव्हती. एर्लिख यांच्या वाचण्यात खेळाचा वाटा आहे, पण तो त्यांना कुणीतरी पूर्वी खेळताना पाहिले होते म्हणून.

जाळीच्या पलीकडच्या पानेथ यांचे काय झाले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि ती समजायला नकाशा हवा. पानेथ ट्रान्सिल्व्हेनियातील क्लुज शहराचे. १९३६ मध्ये हे शहर रोमानियात होते. ऑगस्ट १९४० मध्ये जर्मनी आणि इटलीच्या निवाड्याने ट्रान्सिल्व्हेनियाचा उत्तर भाग हंगेरीला देण्यात आला, आणि घर न बदलता पानेथ यांचा देश बदलला. हंगेरीत ज्यू पुरुषांना सैन्यात शस्त्र दिले जात नसे. त्यांना सक्तीच्या मजूर तुकड्यांत भरती करून कुदळी-फावडी हाती दिली जात, अनेकदा अंगावर स्वतःचेच कपडे आणि दंडावर पिवळी पट्टी, आणि आघाडीवर खंदक खणणे, सुरुंग काढणे अशी कामे लावली जात. थंडी, उपासमार आणि अधिकाऱ्यांची क्रूरता यांनी त्यांतील हजारो मेले. मार्च १९४४ मध्ये जर्मनीने हंगेरी ताब्यात घेतली आणि मे महिन्याच्या मध्यापासून अवघ्या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यूंना गाड्यांत कोंबून नेण्यात आले, बहुतेकांना ऑशविट्झला. क्लुजमधील ज्यूंना आधी शहराबाहेरच्या वीटभट्टीच्या आवारात डांबले होते. तेथून सुमारे अठरा हजार माणसे गेली. येथे एक चमत्कारिक उलटापालट झाली. जी मजुरी तोवर मृत्यूचे दार होती, तीच १९४४ च्या उन्हाळ्यात अनेक तरुणांना गाडीत चढण्यापासून वाचवणारी ठरली, कारण सैन्याला मजूर हवे होते आणि ते गावांत नव्हतेच. पानेथ यांनाही सक्तीच्या मजुरीला जुंपण्यात आले होते. ते जिवंत परतले.

रोमानियाकडे उरलेल्या बुखारेस्टमध्ये तिसरी एक ज्यू खेळाडू याच वर्षांत घरी बसून होती. अँजेलिका रोझेआनू यांनी १९३६ मध्ये किशोरवयातच राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले होते, पण १९४० ते १९४४ या काळात फॅसिस्ट राजवटीने ज्यूंना व्यायामशाळेत पाऊल ठेवायला बंदी केली आणि ऐन उमेदीची चार वर्षे त्यांनी बॅटशिवाय घालवली. १९५० ते १९५५ या सहाही वर्षी महिला एकेरीचे जागतिक विजेतेपद त्यांनीच मिळवले. त्यांतील १९५२ चे मुंबईतले. फेब्रुवारी महिन्यात जागतिक स्पर्धा प्रथमच आशियात, मुंबईला भरली होती, आणि रोझेआनू यांना खेळताना पाहिलेली मुंबईकर मंडळी त्या जमान्यात पुष्कळ असणार. १९५५ नंतर महिला एकेरीचा हा किताब युरोपला पुन्हा मिळालेला नाही, आणि या बदलाची सुरुवातही मुंबईतच झाली: पुरुष एकेरीत जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन उतरले, तिचा टक् असा आवाजच येत नव्हता, त्यामुळे चेंडू केव्हा लागला आणि किती जोराने लागला हे समोरच्याला कळेना. सातो जिंकले. एर्लिख आणि पानेथ ज्या बॅटने दोन तास चेंडू सरकवत राहिले होते, तिचे दिवस त्या आठवड्यात भरले.

ऑशविट्झ जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने मुक्त केले, त्याआधीच चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून पायी आणि उघड्या वाघिणींतून पश्चिमेकडे हाकलून नेले होते. म्युनिकजवळच्या दाखाउला अमेरिकी सैन्य पोहोचले ते २९ एप्रिलला. एर्लिख वाचले, पण परत जायला पूर्वीसारखे काही उरलेच नव्हते. युद्धापूर्वी पोलंडमध्ये तेहतीस लाख ज्यू होते, त्यांतले तीस लाखांच्या आसपास मारले गेले. ल्वुव आता सोव्हिएत संघराज्यात होते आणि हास्मोनेआ संस्था अस्तित्वात नव्हती. ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले, खेळत राहिले, तरुणांना शिकवत राहिले, आणि सरावासाठी चेंडू फेकणारे यंत्र बनवण्याच्या खटपटीतही पडले. अॅलेक्स या नावाने फ्रेंच खेळाडूंच्या दोन पिढ्या त्यांना ओळखत. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पानेथ मात्र क्लुजला परतले, जे शहर युद्धानंतर पुन्हा रोमानियाचे झाले होते, आणि प्रशिक्षक झाले. १९६० च्या दशकात क्लुजच्या पुरुष संघाने युरोपीय क्लब चषक पाच वेळा जिंकला, तो त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या खेळाडूंनी. ते नव्वदी ओलांडून जगले आणि २००९ मध्ये क्लुजमध्येच वारले, वीटभट्टीच्या त्या जागेपासून काही किलोमीटरवर.